पाहुणे आले की कांदे

नारिन गावच्या शाळेत पाहुणे यायचे असले की चौथीतली अनिपा वर्गातून नाहीशी व्हायची. मुख्याध्यापक कोइचुमान तिला स्वयंपाकघरामागच्या कोठीत कांदे निवडायला बसवत. पोरगी एका जागी टिकत नसे. मध्येच उठे, बाक वाजवी, दुसऱ्याच्या उत्तरात तोंड घाली.

बुरुलचाबाई वर्षभराच्या बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या तेव्हा त्यांना हे कळलं. दुसरीत हीच पोर गणित सोडवायला फळ्याकडे धावायची. आता वहीसुद्धा उघडत नव्हती.

पुढच्या वेळी पाहुणे आले, तेव्हा त्या थेट कोठीत गेल्या. कुजक्या कांद्यांचा दर्प सुटला होता. अनिपाची बोटं काळ्या पाण्यानं बरबटली होती.

"चल वर्गात."

"नको, एजेके." तिथली पोरं बाईंना अशीच हाक मारत. "इथं बरंय. इथं कुणी चुका काढत नाही."

"आणि गणित?"

"मला कुठं येतंय? मुख्याध्यापक म्हणाले, माझ्या डोक्यात कांदेच भरलेत."

बुरुलचाबाईंना शिसारी आली, ती कांद्यांची नव्हती. त्यांनी पोरीचे हात धुतले आणि तिला पाहुण्यांदेखत फळ्याशी गणित सोडवायला उभं केलं.

"हवं तर फेऱ्या मारत कर. घाई नाही."

अर्ध्यातच अनिपा खिडकीशी गेली, बाहेरचं गाढव बघत राहिली. पोरं फिदीफिदी हसली. बाई थांबून राहिल्या. मग ती परतली आणि तिनं उत्तर लिहिलं. बरोबर होतं. दुसरं चुकलं, तेव्हा तिनं आपणहून पुसून पुन्हा मांडलं.

पाहुणे गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत कोइचुमान तळलेल्या पिठाचा तेलकट बोर्सोक चावत म्हणाले, "नाक कापलंत, बाई. माकडाचा खेळ दाखवलात."

कालपर्यंत पोरीसाठी हळहळणाऱ्या जारकिनबाईंनी मुकाट्यानं जॅमची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. बाकीच्यांनी चहात नजर बुडवली. बुरुलचाबाईंना ते मचमच चावणारं तोंड बघवेना.

"पुढच्या वेळी ती कोठीतच बसेल," कोइचुमान म्हणाले.

"मग वर्ग तिथंच भरवीन. पाहुण्यांना नाकाला रुमाल लावून यायला सांगा."

त्यानंतर अनिपाला पुन्हा कोठीत कुणी धाडलं नाही. परीक्षेत ती कशीबशी पास झाली, पण वर्गात शेवटच्या बाकाशी उभी राहून, स्वतःहून वही उघडून शिकत.

बुरुलचाबाई मात्र शिक्षकांच्या खोलीत चहाला पुन्हा गेल्या नाहीत.