साखर किती

तेजस्विनीने जेवणाच्या टेबलावरचा लोणच्याचा डाग ओल्या फडक्याने पुसला, जागा कोरडी केली आणि तिथे मृत्युपत्र ठेवलं. टाईप केलेल्या कागदावर तारखेची जागा कोरी होती, पुढे नुसतं '२००२'.

"नाव तरी बघा," ओट्यापाशी चहा करणाऱ्या सासूबाई, मालनबाई, म्हणाल्या. "हसत्याखेळत्या घरात."

"वकील इच्छापत्र पण म्हणतात, आई."

"मरायची इच्छा कुणाला असते?"

महिनाभर हे असंच चाललं होतं. शेजारच्या बिल्डिंगमधलं जोडपं सिन्नर फाट्यावर स्कूटरसकट ट्रकखाली गेलं, तेव्हापासून. दहाव्याला त्यांची पोरं जिन्यात बसली होती आणि आत दोन्हीकडचे नातेवाईक हळू आवाजात त्यांचं काय करायचं ते बोलत होते. घरी आल्यावर तेजस्विनीने चप्पलसुद्धा न काढता नवऱ्याला, दीपकला, विचारलं होतं, "आपली कुणाकडे जातील?"

दीपकचा भाऊ चंदर तिला नको होता, कारण त्याची बायको पोळ्या मोजून वाढते. तेजस्विनीची बहीण सविता दीपकला नको होती, कारण तिचा नवरा जेवतानासुद्धा बातम्या लावून बसतो. प्रेसमधली शिफ्ट करून आल्यावर भांडायला दीपकच्या अंगात त्राण उरत नसे, आणि तेजस्विनीच्याही नसे. शेवटी कंटाळूनच तोडगा निघाला. मुलगा चंदरकडे, मुलगी सविताकडे. कुणावर दोघांचा भार नको, कुणाला डावललं असंही नको. आपण शहाण्यासारखं वागलो याचं त्यांना बरं वाटलं होतं.

आता साक्षीदारांच्या सह्या राहिल्या होत्या. मालनबाईंचे धाकटे भाऊ खंडेराव लासलगावहून डोळे तपासायला आले होते, ते आयतेच सापडले.

"आई, दुसरी सही तुझी," दीपक म्हणाला. "ज्याला काहीच मिळणार नाही असा माणूस लागतो."

"मग मी बरी सापडले."

त्याने मजकूर वाचून दाखवला. मुलांच्या ओळीपाशी मालनबाईंचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. या घरात साखर वरून घालत, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं होतं, आणि ते मालनबाईंना पाठ होतं. चंदरच्या बायकोशी त्या बोलत नसत, तरी तिला अर्धाच चमचा लागतो हे त्यांना माहीत होतं.

"खंडेराव, तुम्हाला साखर किती घालू?"

"दोन चमचे, आक्का."

दीपक हसला. "आई, सख्खा भाऊ आहे तुझा. दर भाऊबीजेला विचारतेस."

"माझ्यासमोर वाढले असते तर विचारलं नसतं."

खंडेरावमामांनी बशीत चहा ओतला. "आई-बाप गेल्यावर हिला मामानं नेलं, मला चुलत्यानं," ते तेजस्विनीला म्हणाले. "लय इचार करून ठरवलं व्हतं मान्सांनी. कुनाला वझं नाय, कुनाचा रुसवा नाय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खाली सायकलवरून दोन्ही पोरांची जुंपली होती, आणि मुलगी भावाला त्या दोघांतच चालणाऱ्या कसल्याशा नावाने हाका मारत होती.

तेजस्विनीने कागद आपल्याकडे ओढला आणि ती ओळ खोडली.

"सविताला विचारते. दोघांना ठेवशील का म्हणून. आपण तर अजून कुणालाच विचारलं नाही."

"चंदरला वाईट वाटेल," दीपक म्हणाला. मग खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवत, "वाटू दे."

मालनबाई पदराला हात पुसत खुर्चीवर बसल्या. "कुठं करायची सही?"

"आज नाही, आई. परत टाईप करून आणावं लागेल."

"मग लवकर आणा. तोवर दोघं एका स्कूटरवर बसू नका."

मामांचा कप रिकामा झाला होता. मालनबाईंनी न विचारता त्यात पुन्हा चहा ओतला, साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, आणि भावाच्या तोंडाकडे बघत थांबल्या.