मागची बाई ऐकू आली पाहिजे

मी एक जुना, छोटा स्पीकर आहे. काखेत मारून नेता येईल एवढाच. मला छोटा म्हणा, हरकत नाही; बिचारा म्हणायचं काम नाही. माझा जुळा भाऊ माझ्यापासून चार हातांवर असतो. आमचं भांडण होत नाही, कारण दोघांना एकाच वेळी एकच बोलायचं असतं.

मित्रांनो, माझा जन्म मुलुंडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाची बंद पेटी, पुढे कागदी पडदा, वर बारीक आवाजासाठी रेशमी टोपी. एका घरात बरीच वर्षं गायलो. मग ते लोक परदेशी गेले आणि आम्ही घाटकोपरला विद्याधरकाकांच्या जुन्या सामानाच्या दुकानात आलो. तिथे दोन वर्षं धूळ खाल्ली. गिऱ्हाईक यायचं, माझ्या डोक्यावर टिचकी मारायचं आणि विचारायचं, "बेस मारतो काय?" काका खरं तेच सांगायचे, आणि गिऱ्हाईक पुढे सरकायचं. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी शीतल आली. कांजूरमार्गला राहणारी, बँकेत नोकरी करणारी बाई. तिने टिचकी मारली नाही. मोबाइल काढला आणि म्हणाली, "काका, हे एकच गाणं लावा. ढोलकी नाही ऐकायची मला. यातली मागची बाई ऐकू आली पाहिजे."

गाणं तिच्या वडिलांचं होतं. भीमराजदादांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला मैदानं गाजवलेला माणूस. त्यांची बायको जया कोरसला, कायम मागे. तिच्यापुढे कधी माइक आला नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. घर बदलताना बाकी टेपा गहाळ झाल्या, ही एकच उरली. शीतलने ती मोबाइलवर उतरवून घेतली होती.

आता गंमत ऐका. दादांनी आधी स्वतः जाऊन कमरेएवढे स्पीकर आणले होते. आयुष्यभर मैदानात गायलेला माणूस, आवाज म्हटला की शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, हाच हिशेब. पण खोली दहा बाय बारा. गाणं लावलं की कपाटाचं दार थरथरायचं, भांडी वाजायची, ढोलकी छातीत धडधडायची आणि जयाचा मागमूस नसायचा. दादा म्हणाले, "टेपच गेली. तुझी आई पुसली गेली त्यातून." त्यानंतर त्यांनी ते गाणं लावायचंच सोडलं होतं.

विद्याधरकाकांनी खोलीचं माप विचारलं, कॉट कुठे, कपाट कुठे, तेही विचारलं. मग एक चकचकीत जोडी बाजूला सारली. "याच्या पाठीला भोक आहे. तुमच्याकडे भिंतीपासून लांब ठेवायला जागा नाही, हा घुमणार. ही बंद पेटी बघा. धडधड कमी, पण माणसाचा आवाज स्वच्छ."

शीतलने डोळे मिटून आम्हाला ऐकलं. दोनदा. दुकानाच्या गोंगाटात तिला आईची चाहूल लागली की नाही, कोण जाणे. पण आम्हाला घेऊन गेली. मानलं तिला.

घरी आणल्यावर मात्र तिने आम्हाला कपाटावर, छताजवळ, कोपऱ्यात चिकटवून बसवलं. आमची वाट लागली. आवाज सुजला. दादा कॉटवरून उठले. कार्यक्रमाआधी मैदानात करायचे तसंच त्यांनी खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकलं.

"पोरी, भिंत उलट बोलतेय. खाली घे त्यांना."

दोन स्टुलं आली. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आम्ही आलो. भिंतीपासून एक वीत पुढे. ढोलकीच्या जुन्या दोरीने त्यांनी आम्हा दोघांतलं अंतर मोजलं आणि कॉटही तेवढ्याच अंतरावर ओढली. कॉटमागच्या उघड्या भिंतीवर जयाने शिवलेली गोधडी टांगली. पुन्हा टाळी. या वेळी भिंत गप्प बसली. दुकानात भलेभले शौकीन पाहिले, पण असा कान पाहिला नाही.

"लाव," ते म्हणाले.

अंतऱ्याची शेवटची ओळ भीमराजदादा एका दमात म्हणतात, अशी त्यांची ख्याती. लोक त्या दमालाच टाळ्या द्यायचे. ती ओळ आली आणि दादांनी हात वर केला. "थांब. परत." शीतलने परत लावलं. "अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी गाणं थांबवायला लावलं.

"इथे माझा दम तुटायचा," ते म्हणाले. "रोज तुटायचा. मी चोरून श्वास घ्यायचो. वाटायचं, साथीला वाजणाऱ्या पेटीच्या सुरात झाकला जातो. पेटी नव्हे गं. तुझी आई भरत होती. माझ्याच सुरात, माझ्याच आवाजासारखा आवाज काढून. कधी बोललीसुद्धा नाही."

"पप्पा..."

"चाळीस वर्षं टाळ्या मी घेतल्या, शीतल."

मित्रांनो, तेव्हा दादा रडले, आणि मला माझ्या छोटेपणाचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

आता मी थकलोय. पडद्याची कड उसवायला आलीये. एकच मागणं आहे. कोरड्या फडक्याने आमची धूळ पुसा, पण पडद्याला बोट लावू नका. आणि स्पीकर निवडताना आधी घरी जाऊन खोली बघा, मग कोणाला ऐकायचंय ते ठरवा.

दादा आजही संध्याकाळी ते गाणं लावतात आणि टेपेबरोबर खुल्या गळ्याने गातात. ती ओळ आली की मात्र श्वास चोरत नाहीत. सरळ तोंड मिटतात आणि तेवढी जागा जयाला गाऊ देतात.