पोटातली वस्ती

सासूबाईंना तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवलं, तेव्हा पांघरुणाखाली माणूस आहे की नुसती घडी, हेच कळेना. जुलाब थांबत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी दोघी सुनांना बाहेरच्या बाकावर बसवून शांतपणे समजावलं. आतड्यात चांगल्या जंतूंची मोठी वस्ती नांदत असते. यांची ती उठली आणि एका दांडग्या जंतूने घर बळकावलं. औषधाने तो दबतो, औषध संपलं की पुन्हा डोकं वर काढतो. आता निरोगी माणसाच्या विष्ठेतून ती वस्ती आणायची आणि नळीने यांच्या आतड्यात सोडायची.

"माझं घ्या ना," धाकटी म्हणाली, जणू शेजारणीला वाटीभर साखर देत होती.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंचे केस वर्षानुवर्षं विंचरले थोरलीने, आणि धाकटीने एकदा तेल लावलं तर म्हणे हिच्या हाताला गुण आहे! सासूबाईंच्या मनात तर धाकटी केव्हाच जाऊन बसली होती. आता पोटातही शिरणार.

"मोठी मी आहे," ती म्हणाली. "माझं जेवण साधं, वेळच्या वेळी. हिला रोज बाहेरचं लागतं. त्याचं काय सोनं निघणार आहे?"

"ताई, सोनं कुणाचंच निघत नसतं."

डॉक्टरीणबाईंनी हसू गिळलं. तपासण्या दोघींच्याही करू, म्हणाल्या, पण आधी एक सांगा. गेल्या काही महिन्यांत जंतू मारायच्या गोळ्या घेतल्यात का? घेतल्या असतील, तर तुमचीही वस्ती विस्कटलेली असणार. तिचा यांना उपयोग नाही.

धाकटीने नाही म्हणून मान हलवली. थोरली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

हे दुखणं सुरू होण्याच्या थोडं आधी सासूबाईंना खोकला झाला होता, तेव्हाची गोष्ट. धाकटीने संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतली होती. थोरलीला संध्याकाळपर्यंत दम निघेना. कपाटात कुणाच्या तरी दुखण्यातल्या अशाच जंतू मारायच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या तिने दिल्या. स्वतःचा घसा खवखवत होता, म्हणून त्यातल्याच आपणही घेतल्या. खोकला बसला. "थोरलीने बरं केलं मला," सासूबाई धाकटीच्या देखत म्हणाल्या. ते वाक्य ती अजून देवघरातल्या फुलासारखं जपत होती.

आता "नाही" म्हटलं की झालं. मान तिचाच.

काचेपलीकडे सासूबाई उठायला धडपडत होत्या. हातांत जोर पुरेना.

"घेतल्यात," थोरली म्हणाली. "आणि त्यांनाही मीच दिल्या होत्या."

धाकटीने फक्त तिच्या बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. चार शब्द सुनावले असते तर थोरलीला सोपं गेलं असतं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत.

धाकटीचं लागू पडलं. जुलाब थांबले, गालांवर रंग आला. येणारा-जाणारा धाकटीचं कौतुक करी, आणि प्रत्येक शब्द थोरलीला कुसळासारखा टोचे. गोळ्यांचं सासूबाईंना तिने स्वतःच सांगितलं.

सासूबाई भाताची वाटी तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता तूच भरव. आणि यापुढे औषध डॉक्टरांना विचारून."

थोरलीने डोळे पुसले, घास उचलला. पण तो त्यांच्या तोंडाशी नेण्याआधी धाकटी दारातून बघते आहे ना, एवढं तिने पाहून घेतलं.