शिवणखोलीचा खांब

रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागाचा तक्ता तिथेच नोंदी सांभाळणाऱ्या सूनबाईंनी सकाळीच तयार केला. महिन्याभरात कोणी किती काम केलं, त्याचे उभे खांब. नळवाल्याचा सगळ्यांत उंच, वायरमनचा त्याच्या खांद्याला लागलेला, आणि शिवणखोलीचा जेमतेम घोट्याएवढा. दुपारी बैठक होती. एवढ्याशा कामासाठी खोली कशाला अडवायची, असं तो तक्ता पाहून साहेब आधीच बोलून बसले होते. त्या खोलीत चादरी-गाउन शिवत बसायच्या त्या सूनबाईंच्या सासूबाईच.

दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सून कागद घेऊन गेली. सासूबाई देवाचं नाव घेत पायमशीन चालवत होत्या. त्यांनी चष्मा पुसला, तक्ता न्याहाळला आणि सुईत दोरा ओवावा तितक्या शांतपणे विचारलं, "सूनबाई, यात तू काय मोजलंस?"

"नोंदी. नळवाल्याच्या दोनशे बारा, आई. तुमच्या सव्वीस."

सासूबाई गालात हसल्या. नळवाला एक नळ आवळला की एक ओळ लिहितो, वायरमन एक दिवा बदलला की एक. त्यांची रीत निराळी होती. दिवसाचं गाठोडं उरकल्याशिवाय त्या वहीला हातच लावत नसत.

"माझ्या एका ओळीत अख्खा दिवस आहे, बाई. शेवटचा रकाना वाचलास का?"

शेवटच्या रकान्यात लागलेली मिनिटं होती. सून तशीच मागे फिरली. कामाच्या प्रकारानुसार गट पाडायला तिनं संगणकाला सांगितलं होतं, पण गटातलं काय धरायचं ते सांगायचं राहिलं होतं. मग त्या बापड्यानं आपल्या मनानं ओळी मोजल्या. तिनं मिनिटांची बेरीज निवडली आणि खांबांनी जागच्या जागी उंची बदलली. नळवाला सहा हजारांवर थांबला, शिवणखोली दहा हजारांच्या पार गेली.

बैठकीत ती स्वच्छ म्हणाली, "सकाळची चूक माझी. मी ओळी मोजल्या होत्या, वेळ नाही."

साहेबांनी वही मागवली, चार पानं ताडून पाहिली आणि खोलीचा विषय तिथेच मिटवला. आता आम्ही काय झोपा काढत होतो का, म्हणून नळवाल्यानं टोमणा मारला, पण हसत हसत. साहेबांनी एवढंच सुचवलं, की यापुढे सासूबाईंनी दर गाउनची वेगळी ओळ लिहावी.

निरोप घेऊन सूनच गेली. सासूबाईंचा मशीनवरचा पाय थांबला नाही.

"साहेबांना सांग, बेरजेला सूनबाई आहे. मला शिवू द्या."