मुठीवरची रेघ

मंजुळाबाईंनी डोळे मिटले, चाकू मुठीत गरागरा फिरवला आणि थांबवला.

"धार माह्या डाव्या अंगाले हाये."

खरंच होती. लॅपटॉपच्या पडद्यावर सुनावणी घेणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी मान डोलावली. जळगावच्या त्या छोट्या ऑफिसात हिलालचा जीव भांड्यात पडला.

सावद्यात तो केळीच्या फण्या कापायच्या चाकूंना रबरी मुठी बनवायचा. मुठीवर उठावाची एक रेघ. हात चिकानं बरबटला तरी न बघता कळायचं, धार कुठे आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं त्याच रेघेचं पेटंट मिळवलं आणि त्याला नोटीस धाडली. कारखाना थंडावला. त्याच्या वकील ज्योत्स्ना मॅडमनी पेटंटला विरोध केला तो मुख्यतः एका मुद्द्यावर : यात शोध कसला, हे कुणालाही सहज सुचेल. हिलालही वर्षभर भेटेल त्याला हेच ऐकवत होता. आज साक्षीला त्यानं केळी कापणाऱ्या मंजुळामावशींना आणलं होतं.

पडद्यावरूनच कंपनीच्या वकिलांनी मऊ आवाजात विचारलं, "बाई, ही रेघ सुचायला किती दिवस लागले?"

"दिवस? चार वर्सं लागली, साहेब. दोनदा अंगठा कापला. आधी दोरा बांधला, तो सरके. खाच पाडली, ती चिकानं भरून जाये. मंग सायकलच्या ट्यूबखाली तार घातली. संगतच्या बाया हसत."

"म्हणजे कुणालाही सुचण्यासारखं नव्हतं."

हिलाल मंजुळाबाईंकडे पाहत राहिला. सोपं होतं म्हणा, एवढंच म्हणा.

"कोनाले सुचलं मंग? मलेच सुचलं."

वकील समाधानानं मागे टेकले. अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "हे कधीचं?"

"बावीस वर्सं झाली. मंग हसनाऱ्या बायांनीबी करून घेतलं."

कंपनीचा अर्ज सहा वर्षांपूर्वीचा होता. वकील पुढे सरकले. ज्योत्स्नानं घाईघाईनं कागद उलटले.

"सर, तीन बायकांची प्रतिज्ञापत्रं जोडलीत. पान एकोणीसवर तेव्हाच्या चाकूचा फोटो आहे."

निकाल लेखी येणार होता. पण जिना उतरताना ज्योत्स्ना हसून म्हणाली, "आपला मुद्दा पडला, हिलालभाऊ. मावशींचा उभा राहिला. अर्जाआधीच रेघ वापरात होती, पेटंट आता टिकत नाही."

परतीच्या वाटेवर भुसावळ मागे पडल्यावर हिलालनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "मावशी, रेघ मी तुमच्याच चाकूवर पाहिली होती."

"ठाऊक हाये."

"आणि गावभर सांगत फिरलो, यात काही नाही म्हणून."

मंजुळाबाई खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होत्या.

"तू केली ती रेघ करंगळीले टोचते. जराशी अंगठ्याकडे पाह्यजे."

"मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत?"

"इचारलं कोनी?"

हिलालनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि उजवा तळवा उघडून त्यांच्यापुढे धरला.

मंजुळाबाईंनी आधी पदराला हात पुसले. मग त्याचा अंगठा बाजूला सारून नखानं सावकाश रेघ ओढायला सुरुवात केली.