धार संपेपर्यंतचं गाणं

हंबीरराव पैलवानांना आयुष्यात हळू बोलणं जमलं नाही. बायकोला खासगीत काही सांगितलं तर ते आधी शेजाऱ्यांना कळायचं. त्यामुळे त्यांची म्हैस चंद्री त्यांच्या हाताला धार देत नसे. तिला त्यांची बायको बनाबाई लागायच्या, आणि बनाबाईंचं आईकडून आलेलं गाणं.

गाण्यात एक गोष्ट होती. पुरातून माघारी निघालेली एक बाई, एक म्हातारा नावाडी आणि पल्याडच्या काठावर कुणीतरी धरून ठेवलेला दिवा. बनाबाई ते इतक्या मऊ आवाजात म्हणायच्या, की दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला आलेलं गिऱ्हाईक पेला रिकामा करूनही रेंगाळायचं.

दोन हजार तीन सालच्या त्या बुधवारी बनाबाईंना पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी दुपारी तीनला आत नेलं. तासाभराचं काम आहे, असं डॉक्टर म्हणाले. दारातून आत जाता जाता बनाबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "अवं, हितं बसून काय करताय? सकाळीबी चंद्रीनं बादली लाथाडलीया. कास दगडावानी हुईल. जावा, आन् गाणं म्हणा. वरडू नगासा."

साडेपाच वाजले, तरी दवाखान्यात बसलेल्या मेहुण्याचा, ज्ञानूचा फोन नव्हता. हंबीररावांनी खिशातला मोबाइल चारदा काढून बघितला. तो चालू होता, हेच वाईट होतं.

कट्ट्यावर ते गुडघ्यांत बादली धरून बसले. चंद्रीनं मान वळवून बघितलं आणि पान्हा चोरला.

"पैलवान, म्हशीला चितपट करतासा काय?" पानपट्टीवाला गुंडू म्हणाला.

"गप ए!" हंबीरराव गरजले. चंद्रीनं पाय उचलला.

मग त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"हळू हाण नावाड्या, पाणी लई चढलं,
पल्याडच्या दिव्यानं मला वळिखलं."

आवाज कुणाचा आहे ते त्यांना स्वतःलाच कळेना. गुंडूचा चुना लावणारा हात थांबला. बादलीत पहिली धार वाजली. बादलीत फेस चढू लागला.

पण नाव मधोमध आली आणि गाणं संपलं. रोज इथंच दूध संपायचं आणि बनाबाई बादली उचलायच्या. पुढं काय, हे तीस वर्षांत हंबीररावांनी विचारलंच नव्हतं. आज दोन वेळची कास तुंबलेली होती, गाणं थांबवलं तर चंद्री पुन्हा आखडणार होती आणि गाण्यातली बाई भर पुरात होती. तिला आज तिथं ठेवणं त्यांना शक्यच नव्हतं. कवितेशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण ते स्वतःच ओळी जुळवत पुढं रेटत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही हात कासेला.

"पावणं," ते गाण्याच्याच चालीत म्हणाले, "खिशातला फोन काढा की."

पेला घेऊन थांबलेल्या पाहुण्यानं फोन काढून कानाला लावला. "हॅलो? न्हाय, मी गिऱ्हाईक. कोण? जरा मोठ्यानं बोला."

हंबीररावांनी पाहुण्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. ते गाण्यातली नाव काठाकडं ओढत होते.

"काठ आला नावाड्या, चिखुल लागला पायाला,
दिवा घिऊन धनी माझा आला मला न्यायाला."

"भाईर आणलंय म्हंत्यात," पाहुणा म्हणाला. "वेळ लागला, पर गाठ निघाली. शुद्धीवर हायत. पहिलं म्हशीचं इचारलं म्हणं."

हंबीररावांनी चौथा सड पिळून संपवला. मग खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घातलं आणि बराच वेळ घाम पुसला.

तासाभरानं ते खाटेशी उभे होते. बरं आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

"बना, त्या नावंतल्या बाईचं पुढं काय हुतंय गं?"

बनाबाईंनी एक डोळा उघडला. "मला काय म्हाईत? माझ्या आईची म्हसबी तेवढंच दूध द्यायची."

"पोचली ती," हंबीरराव म्हणाले.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला ते ऐकू गेलं नाही.