सवतीची ओटी

१९८४ सालचा एक रविवार. बन्सीला कारखान्याची सुट्टी होती आणि सरावलीच्या चाळीतल्या खोलीत त्याची बायको राही सकाळपासून पुरण वाटत होती. आपल्याच सवतीच्या पाहुणचारासाठी! नऊ वर्षांत पाळणा हलला नाही, म्हणून सासू साखरबाई गावाकडून पुंजाराम नावाच्या ओळखीतल्या माणसाला आणि त्याच्या लग्नाच्या वयाच्या लेकीला घेऊनच उतरली होती. पहिलीनं आपल्या हातानं दुसरीची ओटी भरली, की तिची संमती मिळाली, अशी त्यांच्याकडची रीत.

गंमत पाहा, गेल्याच महिन्यात शेजारणीनं डोहाळजेवणाला सगळी चाळ बोलावली आणि राहीला तेवढं वगळलं. वांझेचा हात ओटीला चालत नाही म्हणे! आज तोच हात साऱ्यांना हवा होता.

पानावर बसलेल्या बन्सीला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी पालघरच्या डॉक्टरांनी तपासून त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: वृषणाच्या पाठीशी एक बारीक, वेटोळी नळी असते, तिच्यातून जाताना बीज पिकतं, त्याला पोहायचं बळ येतं. कधीतरी आलेल्या सुजेनं बन्सीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या बुजल्या होत्या. "यात मर्दानगीचा काही संबंध नाही," असंही डॉक्टर म्हणाले होते. पण लाज मेली ऐकते थोडीच! घरी येऊन त्यानं दोष राहीचाच असल्याचं ठोकून दिलं, आणि त्या बिचारीनं सोळा सोमवार धरले.

"ऊठ गं, भर ओटी," साखरबाई म्हणाली.

राही नारळ घेऊन उठली. ती पोर पाटावर पदर पसरून बसली होती. बन्सीनं तिच्याकडे पाहिलं. उद्या हिलाही लोक वांझच म्हणणार होते.

"थांब," तो म्हणाला. "आई, दोष तिच्यात नाय. माझ्यात हाय. डॉक्टरनं सांगितलंय."

"येड लागलं का रं? पुरुसाला कुटं दोष असतो?"

पुंजारामानं मात्र लेकीला हाताला धरून उठवलं आणि वहाणा पायांत सरकवल्या.

"कवापासून ठावं हाय तुमाला?" राहीनं विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

ती रडली नाही. "चला भायेर," म्हणाली. "चाळीनं मला नावं ठेवली, तुमी ऐकत व्हता. आता चाळीला सांगा."

ओट्यावर कारखान्यातल्या त्याच्याच पाळीतले चौघे पत्ते पिसत बसले होते. "काय बन्सी, पेढे कवा?" एकानं हसत विचारलं.

बन्सीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला.

"मान वर करून सांगा," राही म्हणाली. "नऊ वरसं मी खाली घातली."